‘माझं सगळं मीच करते’ म्हणणाऱ्या आईची एज्ड केअर असेसमेंट

असेसर येणार होती त्या दिवशी आई पहाटेच उठून बसली. माझ्याकडून केस धुवून घेतले, इस्त्रीची साडी काढायला लावली आणि पलंगाशेजारची कमोडची खुर्ची मागच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितली. बाहेरचं माणूस घरात येणार, त्याच्या नजरेला असलं काही पडायला नको, एवढंच तिचं म्हणणं. अकराच्या सुमारास असेसर आली. टॅबलेट मांडीवर घेऊन तिने विचारलं, आंघोळ तुमची तुम्ही करता का? दुभाषीबाईंनी फोनवरून प्रश्न मराठीत सांगितला. आई ताठ बसून म्हणाली, “हो तर. माझं सगळं मीच करते.”

आठ महिने तिला आंघोळ मी घालत होते. शॉवरची धार अंगावर आली की ती दचकते, म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून, बादलीतलं पाणी तांब्याने घालत होते.

आई खोटं बोलत नव्हती. परक्या माणसाने विचारलं की ‘बरं चाललंय’ म्हणायचं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं आहे. पण ऑस्ट्रेलियात सरकारी खर्चाच्या एज्ड केअर होममध्ये जागा मिळायची की नाही, हे याच उत्तरांवरून ठरतं. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजून या असेसमेंटची नीट माहिती नाही आणि गाडी अडते ती नेमकी इथेच. म्हणून जे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे सगळं लिहिते आहे.

आधी एक शब्द सोडवून घेऊ. इथे लोक सर्रास ‘नर्सिंग होम’ म्हणतात. पुण्यातल्या माझ्या दादाला मी फोनवर तेच म्हटलं, तर तो घाबरून विचारायला लागला, “काय झालं आईला? ॲडमिट केलं का?” भारतात नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं इस्पितळ. इथलं एज्ड केअर होम म्हणजे वृद्धांनी कायमचं राहण्याची जागा. तिथे आंघोळीपासून औषधांपर्यंत मदत असते आणि जुलै २०२३ पासून चोवीस तास नोंदणीकृत नर्स हजर असावी असा नियम आहे. ही घरं चालवणाऱ्या संस्था निरनिराळ्या: धर्मादाय, खासगी, काही सरकारी. खर्चाचा मोठा भाग मात्र केंद्र सरकार उचलतं. आणि सरकार पैसा उचलणार म्हणजे आधी विचारणार की या माणसाला याची खरंच गरज आहे का. असेसमेंट ती हीच.

लोकांचा गोंधळ होतो कारण ‘असेसमेंट’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली गरजेची. माणसाला काय जमतं, काय जमत नाही, घरी मदत देऊन भागेल की निवासी काळजीच लागेल, हे ती बघते. तिच्यात पैशाचा प्रश्नच नाही. दुसरी पैशाची. ती सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया हे पेन्शन वगैरे बघणारं सरकारी खातं करतं, मिळकत आणि मालमत्ता बघून तुमचा वाटा किती ते ठरवतं. तिसरी होममध्ये राहायला गेल्यानंतरची, ‘अनॅक’ नावाने ओळखली जाणारी. माणसाला किती काळजी लागते त्यावरून त्याला तेरापैकी एका गटात बसवतात आणि त्यानुसार सरकार होमला पैसे देतं. ही पद्धत ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तिची चिंता कुटुंबाने करायची नसते. पुढे मी ‘असेसमेंट’ म्हणेन ती पहिली, गरजेची.

एकाने मला विचारलं होतं, “आमचं स्वतःचं घर आहे, मग आम्हाला कशाला मंजुरी देतील?” देतात. ज्याच्याकडे बंगला आहे आणि ज्याच्याकडे काहीच नाही, दोघांचीही गरजेची असेसमेंट त्याच प्रश्नांवर होते. आणि ती फुकट असते. घरी येऊन कुणी तिचे पैसे मागितले तर काहीतरी गडबड आहे असं समजा.

जुने लोक अजून ‘अकॅट’ म्हणतात. ती राज्यांतली एज्ड केअर असेसमेंट टीम. घरच्या हलक्या मदतीसाठी असेसमेंट करणारी माणसं निराळी आणि निवासी काळजीसाठीची निराळी, अशी तेव्हा विभागणी होती. एकच म्हातारं माणूस, पण तब्येत खालावली की दुसऱ्या टीमकडे पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची. ९ डिसेंबर २०२४ पासून दोन्ही एकत्र करून एकच असेसमेंट व्यवस्था आली. प्रश्नांचा एकच साचा त्याआधी, जुलै २०२४ पासूनच वापरात आला होता. मग १ नोव्हेंबर २०२५ ला नवा एज्ड केअर कायदा लागू झाला आणि १९९७ चा जुना कायदा गेला. या सगळ्यामागे एज्ड केअरच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल होता, मार्च २०२१ मध्ये संसदेपुढे आलेला, १४८ शिफारशींचा. हा इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी की चार वर्षांपूर्वी ज्यांच्या सासऱ्यांचं काम झालं त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण नियम आजचे विचारा.

वय साधारण ६५ पूर्ण हवं. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर लोकांसाठी, तसंच बेघर असलेल्या किंवा बेघर होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांसाठी ही अट ५० ची आहे. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर किंवा तात्पुरत्या पॅरेंट व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठी मात्र हा रस्ता गृहीत धरू नका. त्यांच्या बाबतीत पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारून घ्या.

तो पहिला फोन ‘माय एज्ड केअर’ या सरकारी सेवेला करायचा, १८०० २०० ४२२ वर. वेबसाइटवरूनही अर्ज करता येतो, सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाच्या केंद्रात जाऊन समोरासमोरही बोलता येतं, आणि तुमचे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरही थेट रेफरल पाठवू शकतात. फोन करताना मेडिकेअर कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचं) हाताशी ठेवा आणि आईवडिलांना शेजारी बसवा, कारण त्यांच्या संमतीशिवाय मुलांशी फार काही बोलत नाहीत. याच वेळी तुमचं नाव ‘रजिस्टर्ड सपोर्टर’ म्हणून नोंदवायचं विचारा. नव्या कायद्यात ही सोय आहे. त्याने निर्णयाचा अधिकार तुमच्याकडे येत नाही, तो आईवडिलांचाच राहतो. पण पत्रं, निरोप, माहिती तुमच्यापर्यंत येते आणि मदत करणं सोपं जातं. निर्णय घेण्याइतकी शुद्ध त्यांची उरलेली नसेल तर पॉवर ऑफ अटर्नी, गार्डियनशिप ही कागदपत्रं लागतात आणि त्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. ते शहाण्या वकिलाकडून वेळेवर करून घ्या, स्मरणशक्ती शाबूत आहे तोवर.

फोनवर दुभाषी मागा. मराठी दुभाषी सरकारी सेवेतून मिळतो, त्याचा खर्च तुम्हाला पडत नाही. मला वाटलं होतं, मी आहे ना, मी भाषांतर करेन. करू नका. आईला लघवीवर ताबा राहत नाही हा प्रश्न लेकीने आईला विचारायचा आणि उत्तर लेकीनेच इंग्रजीत सांगायचं, यात दोघींचीही कुचंबणा होते. शिवाय मुलं नकळत उत्तर गुळगुळीत करतात. वडील म्हणतात, “जगून काय करायचंय आता,” आणि मुलगा इंग्रजीत सांगतो, ते थोडे थकलेत. असेसरच्या दृष्टीने यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं आहे. स्मृतिभ्रंश असेल तर दुभाषी आणखीच हवा, कारण नंतर शिकलेली इंग्रजी आधी सुटते आणि मायबोली मागे राहते.

मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी असेसर घरी येते. निवासी काळजीसाठी ही व्यक्ती क्लिनिकल पार्श्वभूमीची असते: नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर. तास-दीड तास, कधी त्याहून जास्त बसते. काय विचारते? अंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, जेवणं, चालणं, पडणं. कोणती औषधं, ती कोण देतं. रात्री झोप लागते का. काय काय विसरायला होतं. मन कसं आहे, कुणाशी बोलणं होतं का. आणि घरात काळजी घेणारं कोण, ते माणूस किती थकलंय. हा शेवटचा प्रश्न आला तेव्हा माझ्या तोंडूनही पटकन ‘मी ठीक आहे’ निघालं होतं. आईवर उगाच रागावले मी. गुण तिचाच आहे.

असेसर नुसतं ऐकत नाही, बघतही असते. बोलता बोलता तिने आईला स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं. आई उठली. खुर्चीचे हात धरून पहिल्यांदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा झोका घेऊन उठली. टेबलाची कड, मग सोफ्याची पाठ, मग भिंत, असं धरत धरत गेली. पाहुणी आली आहे म्हणून चहा ठेवायला तिने शेगडीचं बटण फिरवलं. पातेलं पुढच्या बर्नरवर होतं, पेटवला तिने मागचा. मी काही बोलले नाही, असेसरही काही बोलली नाही, तिने फक्त लिहून घेतलं. मग तिनेच हळूच मागचा बर्नर बंद केला.

आमचं काम झालं ते या अर्ध्या मिनिटामुळे आणि एका वहीमुळे. वही ठेवायचा सल्ला जीपींच्या प्रॅक्टिसमधल्या नर्सने दिला होता. असेसमेंटच्या आधी दोन आठवडे रोज दोन ओळी लिहा, म्हणाली, चांगल्या दिवसाच्याही आणि वाईट दिवसाच्याही. त्यातलं एक पान असं होतं: “मंगळवार. रात्री दोनला उठून दाराकडे गेली, दूधवाला आलाय म्हणाली. परत झोपवायला तास लागला. बुधवार. सकाळच्या बीपीच्या गोळ्या दोनदा घेतल्या. गुरुवार. छान होती, भाजी निवडली.” गुरुवारही लिहा. सगळीच पानं काळी असली की विश्वास बसत नाही, आणि माणूस तसं नसतंही. पण एवढं लक्षात ठेवा की असेसमेंटला माणसाचा सगळ्यात वाईट दिवस कळायला हवा, कारण काळजी त्या दिवसाला पुरणारी लागते. पाहुण्यांपुढे अवसान आणलेला एक तास बघून घेतलेला निर्णय रात्री दोनला उपयोगी पडत नाही.

वहीसोबत औषधांची यादी, जीपींचं पत्र, गेल्या वर्षभरातली हॉस्पिटलची डिस्चार्जची कागदं ठेवा. आणि वडीलधाऱ्यांसमोर जे बोलवत नाही ते एका कागदावर लिहून असेसरच्या हाती द्या, किंवा वेगळं बोलायचं आहे असं तिला आधी कळवा. आईच्या पाठीमागे चहाडी केल्यासारखं मला वाटलं होतं. म्हणून आदल्या रात्री आईला मी स्पष्ट सांगितलं: आई, ही काही परीक्षा नाही, तुला यात पास व्हायचं नाहीये, तुला जे जमत नाही ते सांगण्यासाठीच ती बाई येते आहे. आईने मान डोलावली, आणि सकाळी उठून कमोडची खुर्ची लपवायला लावली. तरीही सांगा. त्यांच्याशी न बोलता त्यांच्या राहण्याचा निर्णय करणं मला पटत नाही, आणि कायदाही त्यांनाच मध्ये ठेवतो. तुम्हाला काय हवंय, हा प्रश्न असेसर त्यांनाच विचारते.

पडून हाड मोडलं आणि सगळं हॉस्पिटलातूनच करायची वेळ आली, तर वॉर्डातल्या सोशल वर्करला गाठा. असेसमेंट तिथे खाटेशीच होते. अशा वेळी घाई असते, बेड रिकामा करायचा असतो, आणि कायमच्या निवासाचा निर्णय दोन दिवसांत घ्यायची पाळी येते. तेव्हा ‘ट्रान्झिशन केअर’बद्दल जरूर विचारा. हॉस्पिटलनंतर बारा आठवड्यांपर्यंत फिजिओ आणि शुश्रूषा देणारी ही सोय आहे, घरी किंवा निवासी जागी. तिची मंजुरी हॉस्पिटलात असतानाच घ्यावी लागते, घरी आल्यावर नाही. बारा आठवड्यांत माणूस पुष्कळ सावरू शकतं.

असेसर अहवाल लिहिते, पण शेवटचा निर्णय तिचा नसतो. अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती तो अहवाल तपासून निर्णय करते आणि घरी पत्र येतं. पत्रात कशाकशाला मंजुरी आहे ते नीट वाचा. कायमचा निवास आणि रेस्पाइट, म्हणजे काही दिवसांपुरतं राहून परत येणं, ही दोन्ही नावं आहेत का बघा. असेसमेंटच्या वेळीच दोन्ही मागितलेली बरी, एकाच बसण्यात होतात. निवासाऐवजी घरच्या मदतीची मंजुरी आली तर तिलाही नाक मुरडू नका. नोव्हेंबर २०२५ पासून ‘सपोर्ट ॲट होम’ ही योजना आहे, आणि अनेकांना तीच खरी हवी असते. नकार आला आणि तो चुकीचा वाटला, तर फेरविचार मागायची मुदत आणि पद्धत पत्रातच असते. मुदत चुकवू नका. एकट्याने लढायचा धीर नसेल तर ‘ओपॅन’ ही ज्येष्ठांची बाजू मांडणारी फुकट सेवा १८०० ७०० ६०० वर आहे. आणि नकारानंतर तब्येत आणखी खालावली, तर पुन्हा फोन करून नव्याने बघायला सांगता येतं. दार एकदा बंद झालं म्हणजे संपलं असं नाही.

मंजुरी आली म्हणजे उद्या बॅग भरायची असंही नाही. जायचं की नाही, कधी जायचं, हे तुमच्या हातात आहे. पूर्वी सरकारी जागा होमच्या नावावर असत, नव्या कायद्यात जागा माणसाच्या नावावर दिली जाते आणि ती घेऊन पटेल ते होम शोधायचं. तिथे खोली रिकामी असायला हवी आणि त्यांनी तुम्हाला घ्यायला हवं, ही निराळी पायरी. माय एज्ड केअरच्या साइटवर होमना दिलेले तारे बघा, पण दुपारच्या जेवणाच्या वेळी प्रत्यक्ष जाऊनही या. शाकाहारी ताटात काय वाढलंय ते बघा. उकडलेला बटाटा आणि वाटाणे रोज खाऊन आपली माणसं राहत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. सगळ्यांना लागणारी रोजची मूळ फी एकट्या माणसाच्या मूळ एज पेन्शनच्या ८५ टक्के असते. पुढचा काळजीचा आणि खोलीचा वाटा मिळकत-मालमत्तेवर ठरतो. नवरा किंवा बायको त्याच घरात राहत असेल तर राहतं घर हिशेबात धरत नाहीत. खोलीसाठी मोठी अनामत भरलीत तर ती परत मिळते, पण नोव्हेंबर २०२५ पासून राहायला जाणाऱ्यांच्या अनामतीतून होम दरसाल २ टक्के, जास्तीत जास्त पाच वर्षं, कापून घेतं. आपल्याकडच्या अनेक आईवडिलांना एज पेन्शन नसते, कारण तिला इथल्या कायम वास्तव्याची दहा वर्षं लागतात. अशांनी सर्व्हिसेस ऑस्ट्रेलियाचा फॉर्म भरायलाच हवा, कारण त्यांची माहिती सरकारकडे आधीपासून नसते आणि माहिती दिली नाही तर सगळ्यात वरचा दर लागतो. पेन्शन नाही म्हणून सरकारी मदत आपोआप बंद होत नाही.

आणि तो शब्द, वृद्धाश्रम. दादाने तो फोनवर एकदाच उच्चारला आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ गप्प होतो. मी त्याला वही वाचून दाखवली, दोन आठवड्यांची. त्यानंतर त्याने तो शब्द वापरला नाही. ज्यांच्या घरी हे वाद पेटतात त्यांना माझं सांगणं आहे की लांबच्या भावंडांना असेसमेंटच्या वेळी व्हिडिओ कॉलवर घेता येईल का ते असेसरला आधी विचारा. तिसाव्या प्रश्नापर्यंत त्यांनाही सगळं कळलेलं असतं.

आम्ही कायमचं अजून ठरवलेलं नाही. रेस्पाइटचे वर्षाला, म्हणजे १ जुलै ते ३० जूनमध्ये, ६३ दिवस मिळतात, गरज पडली तर आणखी मागता येतात. त्यात खोलीची अनामत नाही की मिळकतीनुसार वाढणारा वाटा नाही, फक्त रोजची मूळ फी. त्यातले चौदा दिवस घेऊन आई सध्या घरापासून वीस मिनिटांवरच्या एका होममध्ये आहे. बॅगेत तिच्या साड्यांखाली मी प्लास्टिकचा स्टूल आणि तांब्या ठेवला होता, आणि स्टाफसाठी इंग्रजीत एक चिठ्ठी: शॉवर नको, बादलीत कोमट पाणी, आधी पायांवर घाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर तिथली केअरर म्हणाली, तुझ्या आईने मला तांब्या कसा धरायचा ते शिकवलं.